लिंगनाश

मशीनच्या खाचेत हनुवटी ठेवायची,
ठिपका दिसला की बटण दाबायचं.
टिपणीस मास्तरांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी,
वीस मिनिटांत नऊदा दाबलं.
मी बाजूला त्यांची छत्री धरून उभी, मोजत.
शाळेतल्या पोराचे मार्क मोजावेत तसं.

कागद निघाला. चौकोनभर काळं,
मधोमध पांढरं, रुपयाच्या नाण्याएवढं.
डॉक्टरबहेन म्हणाल्या, "झामर."
"मराठीत?"
"तमारामां... काचबिंदू, काका."
"काच," मास्तर म्हणाले,
आणि मला कळलं, तास सुरू झाला.

काच, बांगडीची.
काच, दोर खांद्याला करतो तो.
काच, सासरचा, सुनेला होतो तो, काय गं?
असं म्हणून उजवीकडे वळले.
मी डावीकडे होते.
डावीकडे त्यांच्या आता काही नसतं.

"आणि जुन्या वैद्यांच्या पोथीत
काच ही नुसती मधली पायरी.
आधी तिमिर. मग काच. मग..."
वर्गातला आवाज लावून, शेवटच्या बाकापर्यंत,
"लिंगनाश."

मोतियावाले सगळे वळले.
जिग्नेशभाई कंपाउंडर फाइलीत तोंड घालून हसला.
एक म्हातारा शेजारच्याला हळूच,
"आ तो आंखनुं दवाखानुं छे ने?"

मास्तरांना ऐकू नीट येतं.
"लिंग म्हणजे खूण," ते म्हणाले,
म्हाताऱ्याच्या दिशेने, अंदाजाने.
"धूर हे विस्तवाचं लिंग.
जिच्यावरून ओळखायचं ती खूण गेली,
की तो लिंगनाश. बस.
त्या शब्दात आंधळा कुठेच नाही."

रिक्षा सूरसागराच्या कडेने निघाली.
"केवढा दिसतो, बाबा?"
"बशीएवढा." मग खंडेराव मार्केटपर्यंत गप्प,
मग, "पण पाणी आहे त्यात."

लग्न होऊन पादऱ्याहून आले तेव्हा
माझी मराठी लिंगातच अडखळायची.
आमची आंख ती, तुमचा डोळा तो.
आमची पेन ती, तुमचं पेन ते, का ते देव जाणे.
चहा तर आमच्यात बाईमाणूस.
मी दारातून म्हणायची, बाबा, चहा झाली.
पेपरातून मान वर न करता
ते म्हणायचे, तो.
भांडण नाही, रागावणं नाही. नुसतं, तो.
माहेरी फोनवर मी रडले होते एकदा,
त्या एका अक्षरावरून.

दिवाळीनंतर नाणं लहान होत गेलं.
आठ आण्याचं, चार आण्याचं,
मग चलनात नसलेलं.

आता दाराशी पाऊल वाजलं की विचारतात,
कोण आलंय?
आलाय नाही, आली नाही. आलंय.
त्यांनीच शिकवलेलं मला,
माहीत नसेल तेव्हा नपुंसकलिंग वापरावं.
नातू शाळेतून येतो, कोण आलंय.
सिलिंडरवाला येतो, कोण आलंय.
सोळा वर्षं ह्या घरात वावरलेली मी,
ओला हात पदराला पुसत येते,
कोण आलंय.
एकदा त्यांच्या स्वतःच्या काठीचा आवाज झाला
भिंतीवर घसरून पडल्याचा,
तेव्हाही.

बँकेत मराठी म्हाताऱ्यांचे अर्ज मीच लिहून देते.
एक वेलांटी चुकत नाही, एक लिंग चुकत नाही.
मॅडम कुठल्या, विचारतात, पुण्याच्या का?

पण चार वाजता, सुट्टीच्या दिवशी,
कप घेऊन उंबऱ्याशी थांबते
आणि म्हणते,
बाबा, चहा आली.

मान वळते. अगदी माझ्याकडे नाही,
थोडी कपाटाकडे.

"तो," म्हणतात.
"भाविनी, तो."